बंद डब्यातलं बी

जयमालाबाईंना स्वतःची एक खोड चांगली ठाऊक होती. उत्साहाच्या भरात त्या बोलून जायच्या आणि मग बोललेलं निस्तरत बसायच्या. कराडला होत्या तोवर हे निस्तरणं घरातल्या घरात व्हायचं. लग्न होऊन नेरूळच्या नव्या वसाहतीत आल्या, शिरवण्याच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागल्या, आणि निस्तरायला अख्खं गाव मिळालं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर शाळेत एक पत्रक आलं. त्या वर्षी आपला माणूस अवकाशात जाऊन आला होता, त्यामुळे निम्म्या पोरांना अवकाशवीर व्हायचं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना त्याचा ड्रायव्हर. मुंबईतल्या एका विज्ञानसंस्थेनं कळवलं होतं, की शाळकरी मुलांनी अवकाशात करण्याजोगे प्रयोग सुचवावेत. निवडलेले प्रयोग परदेशी यानातून वर जातील. मुख्याध्यापक दिनानाथ सामंत यांनी ते पत्रक चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. सामंतसर सगळीच पत्रकं कपाखाली ठेवायचे आणि चहाचे तीन गोल उमटले की फाइलला लावायचे. बाईंनी पहिला गोल उमटायच्या आतच ते उचललं.

आठवीच्या वर्गात त्यांनी विचारलं, "वर काय पाठवू या?" तर सूचनांचा पाऊस. एकाला डास पाठवायचे होते. वर गेल्यावर तरी चावायचे थांबतात का बघायचं होतं. नेरूळच्या डासांचा अनुभव असलेल्या बाईंना तो प्रयोग मनापासून पटला होता. एकाला वडापाव पाठवायचा होता, कशासाठी ते त्यालाही सांगता येईना. शेवटी खिडकीजवळची सखू उभी राहिली. देवजीची मुलगी, किडकिडीत, एरवी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी.

"बाई, आमचा राता खाऱ्या पान्यान उगवते. दाना टाकला का मूळ खाली जाते. पन वर नेला तं खाली कुठं हाय, ते त्याला कोन सांगनार?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. सहा वर्षं शास्त्र शिकवत होत्या, पण विद्यार्थ्यानं विचारलेला खरा प्रश्न त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मग सुरू झालं ते शाळेचं वर्ष संपेपर्यंत चाललं. राता म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत येणारा लाल दाण्याचा भात. सखूनं घरून मूठभर दाणे आणले, कंपाउंडरकडून जुन्या सिरिंजा आणल्या. दुधाच्या पावडरच्या डब्यात दोन कप्पे केले. एकात गोडं पाणी, एकात खाडीचं. दट्ट्या दाबला की पाणी कापसावर उतरायचं आणि दाणे भिजायचे. डबा आडवा ठेवला, उलटा टांगला, चरख्याच्या चाकाला बांधून फिरवला. रोज शाळा सुटल्यावर सखू मुळं मोजायची आणि वहीत लिहायची. एकदा बाई म्हणाल्या, "एवढा एक आकडा अंदाजानं लिही, उशीर झालाय." तर पोरगी मान हलवून परत मोजायला बसली. बाईंना तेव्हा तिचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आपल्या पोटची मुलगी असती तरी इतका वाटला नसता.

पंच्याऐंशीच्या ऑगस्टात निकाल आला. साऱ्या महाराष्ट्रातून बारा प्रयोग निवडले होते आणि त्यात सखूचा होता. सामंतसरांनी पत्र काचेच्या फ्रेममध्ये लावलं, आणि बाई घरोघर सांगत सुटल्या. पत्रासोबत अटींचा कागद होता. बियाणं त्याच हंगामाचं, एकाच राशीतलं हवं. पाचशे दाणे संस्थेकडे पाठवायचे, ते वर जातील. त्याच राशीतलं बाकीचं बी शाळेत लाखेनं सील करून ठेवायचं, म्हणजे वरचं आणि खालचं ताडून बघता येईल. यान परत येईपर्यंत सील तुटता कामा नये. तुटलं तर प्रयोग बाद. दाणे जानेवारीच्या मध्यापर्यंत पोचायला हवेत.

आता देवजीची गोष्ट सांगायला हवी, कारण बी त्याचं होतं. गावाची शेतं नव्या शहरासाठी गेली होती. देवजी आपल्याच शेतात उभ्या राहणाऱ्या इमारतीवर वॉचमन होता. खाडीच्या कडेला अर्ध्या एकराचं एक खाचर भराव पडायचं राहिलं होतं, तेवढं तो हट्टानं लावायचा. गावात बाकी कुणी भात लावत नव्हतं, त्यामुळे खाडीचा बांध एकट्यानं सांभाळावा लागायचा आणि निम्मं पीक खारं पाणी न्यायचं. त्याची बायको गोजरा म्हणायची, येवढ्या मेहनतीत बाजारातून दोन वर्षांचा तांदूळ आला असता. देवजीला तांदूळ नको होता. जमिनीचे पैसे हातात आले की पेणच्या बाजूला खारजमीन घ्यायची आणि घरचा राता तिथं न्यायचा, एवढं एकच त्याच्या मनात होतं. तीन पिढ्यांनी निवडून निवडून राखलेलं ते बी होतं; समुद्राचं पाणी चार दिवस डोक्यावरून गेलं तरी उभं राहणारं. तसं बी आता दुसऱ्या कुणाच्या घरात नव्हतं. आणि भाताचं बी दरसाल मातीत जाऊन यावं लागतं, तरच ते पुढं चालतं.

जानेवारीत बाईंनी निरोप धाडला, की पाचशे दाणे पाठवा आणि ताडून बघायला आणखी दोन ओंजळी. दुसऱ्या दिवशी देवजी स्वतः आला तो खांद्यावर मुडी घेऊन. मुडी म्हणजे भाताच्या पेंढ्यात बी भरून, सुंभानं करकचून आवळलेला गोल गड्डा. घरच्या आढ्याला टांगलेला असतो, पेरणीपर्यंत त्याला हात लावत नाहीत.

"अहो देवजीभाऊ, एवढं कशाला? दोन ओंजळी म्हटलं होतं मी."

"बाई, मुडी एकदा सोडली का परत बांधत नाय. सोडली का सगला बी मातीन जायाला पायजे. आमच्यान तशी रीत हाय. अर्धा काढून अर्धा ठेवला तं घरान ऱ्हात नाय ता."

"मग तुमच्या पेरणीचं?"

"मिरगाच्या आधी येल ना तुमचा यान? आला का द्या. तवा पेरीन."

यान मेमध्ये वर जाऊन आठ दिवसांत परत यायचं होतं, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. बाईंनी ते पत्र त्याला वाचून दाखवलं. देवजीनं मुडी सोडली, पेंढा बाजूला केला, आणि लालसर दाणे टेबलावर ओतले. शाळेत थोरामोठ्यांना ओवाळायचं तबक होतं, ते बाईंनी आणवलं. गोजरेनं सांगून पाठवलं होतं म्हणून देवजीनं दाण्यांना हळदकुंकू वाहिलं. पाचशे दाणे मोजून मुंबईला गेले. उरलेलं बी दोन पत्र्याच्या डब्यांत भरलं, झाकणावर सामंतसरांनी स्वतः लाख ओतली आणि शाळेचा शिक्का उठवला. डबे प्रयोगशाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर गेले. प्रयोगशाळेवर सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर होतं.

तेराव्या दिवशी रेडिओवर बातमी आली. वर निघालेलं एक परदेशी यान सव्वा मिनिटात आकाशात फुटलं होतं आणि आतली सातही माणसं गेली होती. त्यांत एक शिक्षिका होती. जयमालाबाई त्या बाईंसाठी खरोखर रडल्या. सखूसाठी रडायचं त्यांना तेव्हा सुचलं नाही. तो विचार दुपारी आला, आणि आला त्याची त्यांना लाज वाटली.

संस्थेचं पत्र एप्रिलात आलं. सगळी उड्डाणं थांबली आहेत. आपला प्रयोग रद्द झालेला नाही, लांबणीवर पडला आहे. ज्या शाळांचं सील शाबूत असेल त्यांचाच पुढं विचार होईल.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात देवजी शाळेत आला. पायात चिखल, हातात रिकामं पोतं.

"बाई, मिरग आला. बी द्या."

बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. यावरूनच त्यानं ओळखायला हवं होतं. सखू शेजारी उभी होती. बाईंनी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "एक वर्ष थांबा देवजीभाऊ. फक्त एक वर्ष. साऱ्या राज्यातून बारा मुलं आहेत. सील तोडलं तर सखूची जागा गेली."

देवजीनं हातातलं पोतं चुरगाळलं. "माना त्यातला काय कलत नाय. येकच सांगा. बी मरनार तं नाय ना?"

इथं खरं तर बाईंनी 'मला ठाऊक नाही' म्हणायला हवं होतं. तीन शब्दांचं वाक्य. पण शास्त्राच्या शिक्षिकेच्या तोंडून ते सहजी निघत नाही, आणि पुढं बसलेला माणूस इतक्या विश्वासानं बघत असला तर मुळीच निघत नाही. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं, की कमळाचं हजार वर्षांचं बी उगवलं.

"छे हो! बंद डब्यात, कोरडं, सीलबंद. हजार वर्षांचं कमळाचं बी उगवलंय, देवजीभाऊ. तुमच्या मुडीपेक्षा सुरक्षित आहे ते."

सखू हळूच म्हणाली, "बाई, पाच दाने काढून भिजवून बगू या का? उगवतात का तेवडाच."

"सील तुटेल गं, सखू."

"तुटू दे ना. आपल्याला कलंल तरी."

"आणि मग तुझा प्रयोग? इतकं केलंस ते पाण्यात घालायचं?" बाईंचा आवाज चढला. देवजीनं मुलीकडे बघितलं, मग बाईंकडे. शिकलेल्या माणसाचं ऐकावं असं त्याला वाटलं असणार. पोतं घडी करून बगलेत मारलं आणि चहा न पिता निघाला. त्या वर्षी खाचर मोकळं राहिलं. बांधाकडे बघायला कुणी नव्हतं, तो श्रावणात फुटला.

वर्ष गेलं. बाई संस्थेला दर महिन्याला पत्र लिहीत होत्या. तीन पत्रांमागे एक छापील उत्तर यायचं. सखू दहावीला बसली. मे महिन्यात बाई एकदा प्रयोगशाळेत काही शोधायला गेल्या आणि सहज त्या डब्यावर हात ठेवला, तर चटका बसला. पत्र्याच्या छपराखाली दुपारचे तीन. हात मागे घेऊन त्यांनी पहिल्यांदा हिशेब केला. दोन उन्हाळे हे बी असं भाजत होतं आणि मधला सगळा पावसाळा बंद डब्यात कोंडून घामत होतं. मुडीला वारा लागतो, पेंढा ओल शोषतो, म्हणून ती आढ्याला टांगतात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. दोन ओंजळींऐवजी सगळंच बी डब्यात घातलं, तेव्हाही विचारलं नव्हतं.

त्यांनी सामंतसरांना न विचारता लाख फोडली. आतून कोंदट, आंबूस वास आला. दाणे दिसायला छान होते, लाल, भरलेले. दोन्ही डबे त्या स्वतः रिक्षातून देवजीच्या घरी घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी तीन वेळा झाकण उघडून वास घेतला. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं, मघापेक्षा कमी येतोय.

खाऱ्या जमिनीत रोप लावत नाहीत, बी आधी मोड आणून मग फेकतात. गोजरेनं बी रात्रभर भिजवलं, सकाळी पेंढ्यावर पसरलं, ओलं गोणपाट घातलं आणि वर दगड ठेवले. तिसऱ्या दिवशी मोड दिसायला हवे. तिसऱ्या दिवशी बाई उजाडायच्या आत अंगणात हजर. गोजरेनं गोणपाटाचं एक टोक उचललं, परत ठेवलं.

"उद्या बगू," ती म्हणाली.

उद्या झालं, परवा झालं. पाचव्या दिवशी पेंढ्याला बुरशी धरली. सहाव्या दिवशी देवजीनं गोणपाट पूर्ण काढलं आणि उकिडवा बसून दाणा दाणा चाळायला लागला. सखू दुसऱ्या बाजूनं चाळत होती. तासाभरानं बाईही बसल्या, नवी साडी चिखलात. एक मोड सापडला तरी पुरे होतं. एका दाण्याला लोंबी येते, लोंबीला शंभर दाणे धरतात, तीन वर्षांत मुडी बांधता येते. बाई मनात हाच हिशेब करत होत्या आणि दाणे चिमटीत धरून उजेडाकडे नेत होत्या. दाबला की दाणा पिठासारखा फुटायचा.

दुपारपर्यंत सगळे चाळून झाले. एकही नाही.

मुंबईला गेलेले पाचशे उरले होते. बाई दुसऱ्याच दिवशी एसटीनं मुंबईला गेल्या. संस्थेतल्या कारकुनानं बराच शोध घेऊन पुडकं आणून दिलं. बी किडू नये म्हणून तिथं सगळ्या शाळांच्या नमुन्यांना विषारी औषधाची धुरी दिली होती, वर्षातून दोनदा. माणूस बिचारा मोठ्या अभिमानानं सांगत होता. तेही दाणे गोजरेनं भिजवले. न भिजवताही कळण्यासारखं होतं.

देवजी ओरडला असता तर बरं झालं असतं. बाई त्याची वाट बघत अंगणात उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "बाई, येक विचारू? यान न फुटता, तवाच वर गेला असता, तं जगला असता का ओ ह्यो?"

हो म्हटलं असतं तर सगळा दोष त्या फुटलेल्या यानावर गेला असता. बाईंच्या ओठांपर्यंत 'हो' आलं होतं.

"पाचशे दाणे वर गेले असते, देवजीभाऊ. उरलेलं बी तुमच्या हातात परत आलं असतं आणि तुम्ही पेरलं असतंत. ते मी मारलं. गेल्या जूनमध्ये तुम्ही मागायला आलात तेव्हा ते जिवंत होतं."

देवजीनं मान डोलावली, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत ऐकत होता. मग म्हणाला, "मी पन ऐकायला नको व्हता. पोरगी सांगत व्हती." आणि आत गेला. गोजरेनं ते बी गोळा करून कोंबड्यांपुढं टाकलं. कोंबड्यांनी बुरशीचं म्हणून ते टाकलं नाही, आवडीनं खाल्लं.

त्या वर्षाअखेर जमिनीचे पैसे आले. पेणची जमीन बघायला देवजी गेलाच नाही. "पेरू काय तिथं?" म्हणाला. पैशात घरावर मजला चढवला आणि चार खोल्या भाड्यानं दिल्या. खाचरावर भराव पडला. सखू दहावी पास झाली, शास्त्रात शाळेत पहिली आली. पण कॉलेजचा फॉर्म घेऊन बाई घरी गेल्या तेव्हा तिनं तो हातातही धरला नाही. महाप्याला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून खोक्यात भरायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात संस्थेचं पत्र आलं. उड्डाणं पुन्हा सुरू झाली आहेत. कळवण्यास आनंद होतो, की बारापैकी तीन प्रयोग आता निश्चित झाले असून त्यात आपल्या शाळेचा आहे. पूर्वीचे नमुने जुने झाल्यानं त्याच वाणाचं ताजं बियाणं महिनाभरात पाठवावं.

बाईंनी पत्र कुणाला दाखवलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्या उरणच्या बाजूला गेल्या, पेणला गेल्या, खाडीकाठच्या जितक्या गावांना एसटी जाते तितक्या गावांत विचारत हिंडल्या. लाल भात पुष्कळ ठिकाणी होता. लोकांनी प्रेमानं ओंजळी भरभरून दिला. बाईंनी एकेक नमुना खाडीच्या पाण्यात भिजवला. कुठला गोड्या पाण्याला वाढायचा आणि खाऱ्यात मान टाकायचा, कुठला उगवायचा पण सखूच्या वहीतल्या आकड्यांच्या आसपासही यायचा नाही. वही अजून त्यांच्याकडेच होती. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा त्या महाप्याला गेल्या आणि कंपनीच्या फाटकाबाहेर, पाळी सुटायच्या वेळी उभ्या राहिल्या.

सखू मैत्रिणींबरोबर बाहेर आली. निळा झगा, डोक्याला जाळी. बाईंना बघून थांबली. बाईंनी पत्र पुढं केलं. तिनं ते उभ्या उभ्या वाचलं. वाचताना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल म्हणून बाई बघत होत्या. काही हललं नाही.

"मी सगळीकडे शोधलं गं. त्यासारखं कुठंच नाही. काय लिहू त्यांना? तुझा प्रयोग आहे, तू सांग."

सखूनं पत्र घडी करून परत दिलं. कंपनीची बस हॉर्न वाजवत होती.

"लिहायचं काय त्यात, बाई? बाजारातला कोनचापन भात पाठवा, त्यावर आमचा नाव लिवा," ती म्हणाली. "त्यांना काय कलनार हाय?"

आणि बसमध्ये जाऊन बसली.